पुढची गाडी

थंडी आली हे मला स्वेटरवरून कळत नाही. अमरावतीत आम्ही स्वेटर हौसेनं आधीच काढतो आणि दुपारी कमरेला बांधून फिरतो. मला कळतं ते उन्हावरून. डिसेंबरात एका सकाळी ऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिरपं आत येतं, ओट्यावरून घसरून थेट समोरच्या भिंतीला लागतं आणि माझी नजर आपोआप माळ्याकडे जाते. माळ्यावर दोन तंबू आहेत, ताडपत्री, सतरंज्या, मोठी परात, दोरांची पिशवी, कंदील. तंबू खाली ओढला की त्याच्या घडीतून मागच्या वर्षीची राख आणि वाळकं गवत पडतं आणि गोवऱ्यांच्या धुराचा वास घरभर होतो. झटकून, धुऊन, उन्हात टाकूनही तो जात नाही. मी आता त्याच्या नादी लागत नाही.

यंदा माळ्यावर चढायच्या आतच दारात संत्र्यांची गोणी येऊन पडली. मागोमाग विनायकभाऊ. मोर्शीच्या पुढे त्यांची बाग आहे. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरची संत्री, तुटत आला की पहिली गोणी आमच्याकडे येते.

"वयनी, गोड नाहीत म्हनू नका आता. थंडी पडू द्या जराशी," गोणी भिंतीला टेकवत ते म्हणाले.

"मी काही म्हटलं का?"

"तुमचं तोंड म्हनते ना."

ते चहा पीत बसले, मी स्टुलावर चढून तंबू काढत राहिले आणि कुणी काही न बोलता ठरून गेलं की यंदाही जायचं.

माझा नवरा मिलिंद आणि विनायकभाऊ अकोल्याला शिकत असताना एका खोलीत राहत. खोलीच्या समोर रफिकभाईंच्या वडिलांचं गॅरेज होतं. एकाची शेती, दुसऱ्याची नोकरी, तिसऱ्याचे पान्हे. पण तिघांचं वेड एक, जिथं रस्ता नाही तिथं गाडी घालायची. लग्नं झाली, पोरं झाली, पोरं शिकायला बाहेर गेली, वेड तेवढं राहिलं. मग दर हिवाळ्यात एक शनिवार-रविवार आम्ही तीन घरं सातपुड्याच्या पायथ्याशी मुक्कामाला जाऊ लागलो. विनायकभाऊंची जुनी जीप पुढे, रफिकभाईंची मागे. तंबू आमचे. आणि नियोजन माझं.

नियोजन माझ्याकडे आलं ते कुणी दिलं म्हणून नाही. मी एका सरकारी कार्यालयाचं भांडार सांभाळते. एखादी वस्तू कुठं आहे हे मला माहीत नसेल तर ती वस्तू नाहीच असं समजावं, असं आमच्या कार्यालयात म्हणतात. पहिल्या वर्षी ही तीन माणसं काडेपेटी न घेता डोंगरात निघाली होती. त्यानंतर मी कुणाला विचारलंच नाही. कुणी काय आणायचं, कुठल्या गाडीत काय चढवायचं, पाण्याचे कॅन कुठं, औषधांचा डबा कुठं, कोण कुठं बसणार. तारीखही मीच काढते. डिसेंबरचा पहिला आठवडा सोडून द्यायचा, कारण सहा तारखेला मिलिंद मुंबईला गेलेला असतो. त्यानंतर विनायकभाऊंची तोडणी आणि रफिकभाईंच्या घरची लग्नं यांच्या मधून जी फट मिळेल ती आमची.

माझं सगळं ऐकतात, फक्त खाण्याच्या बाबतीत कुणी ऐकत नाही. आम्ही तिथं रोडगे करतो. कणकेचे जाड गोळे, आत पदर घातलेले, पेटलेल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी. वऱ्हाडात बाहेर जेवायचं म्हटलं की दुसरा विचारच नसतो. तर वांगी विनायकभाऊंनी आणायची, असं मी स्पष्ट लिहून पाठवते. रफिकभाई तरीही बाळापूरच्या बाजाराची वांगी घेऊन येतात, कारण तिकडच्या वांग्याला चव असते. त्यांची बायको शबानाभाभी आणखी घेतात, कारण वाटेत चांगली दिसली. निर्मलाताई म्हणजे विनायकभाऊंची बायको. त्या घरची वेगळी तोडून आणतात, कारण नवऱ्यानं आणलेली जून असतील. एका वर्षी आम्ही परत निघताना शेतांमधल्या पांदणीत भेटणाऱ्या प्रत्येकाला वांगी वाटत आलो होतो. मी रागावले तर रफिकभाई म्हणाले, "भाभी, रिकाम्या हातानं कसा येनार मानूस? तुम्ही लिहा ना, लिहाले कोन नाही म्हनते."

तिथं जायची वाट अशी. डांबरी रस्ता सुटला की पांदण लागते, दोन्ही बाजूंना तुरी आणि मधून वेचणीला आलेला कापूस. गाडीच्या दोन्ही अंगांना तुरीच्या शेंगा घासत जातात आणि त्यांचा कडकड आवाज दारावर वाजत राहतो. कुणी हरभऱ्याला रात्री पाणी दिलं असलं तर ते पांदणीत उतरलेलं असतं आणि काळी माती चाकाला अशी धरते की सोडवायला दुसरी गाडी लागते. म्हणून दोन गाड्या. पांदण संपते तिथं नाला. नाल्याच्या पलीकडे चढण, आणि चढणीवर विनायकभाऊंच्या बहिणीच्या सासरची बरड जमीन. सगळा मुरूम आणि दगड. ज्वारीसुद्धा तिथं नाखुशीनं उगवते. पण ती जंगलाच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे तिथं विस्तव करता येतो. हे मी पहिल्याच वर्षी विचारून घेतलं होतं. वर पोचलं की समोर डोंगरांच्या रांगा, एकामागे एक, फिकट होत गेलेल्या, आणि खाली मागं वळून पाहिलं तर आपणच आलो ती तुरीतली वाट, बोटानं रेघ ओढावी तशी.

नाला मात्र सांगायला हवा. हिवाळ्यात त्यात मधोमध तेवढं पाणी असतं, बाकी सगळे गोटे. पण ते दर पावसाळ्यात जागा बदलतात. मागच्या वर्षीची वाट यंदा तिथं नसते. म्हणून गाडी घालायची पद्धत ठरलेली होती. जीप काठावर थांबायची. निर्मलाताई उतरायच्या, साडी खोचायच्या, पायाशी ठेवलेली तुरीची काठी घ्यायच्या आणि गाडीच्या पुढे पुढे नाल्यातून चालायच्या. काठीनं गोटा हलतो का बघायच्या, पाण्याचा ठाव घ्यायच्या. मग वळून गाडीकडे तोंड करून खुणा करायच्या. पदराचं टोक डाव्या हातात धरून झटकलं की गाडी डावीकडे. तळवा खाली दाबला की सावकाश. तळवा उभा धरला की थांब. आणि पदराचं टोक स्वतःकडे दोनदा हलवलं की ये. वासराला बोलवावं तशी ती खूण होती, मान जराशी वाकडी करून. विनायकभाऊ त्या हाताप्रमाणे गाडी आणायचे. पैलतीराला लागलो की आम्ही सगळे म्हणायचो, काय गाडी काढली विनायकभाऊंनी. निर्मलाताई साडी पिळत असायच्या.

एक मोठा काळा गोटा होता, तो कधी हलला नाही. त्याच्यापाशी निर्मलाताई दरवर्षी थांबायच्या. तळवा उभा. बराच वेळ काठी पाण्यात. विनायकभाऊंचा धीर सुटायचा, ते हॉर्न वाजवायचे. एक लांब हॉर्न, कोंबडी हुसकावल्यासारखा. ताई वळूनही बघायच्या नाहीत. तेही ठरलेलंच होतं.

मला आठवतो तो काही वर्षांपूर्वीचा हिवाळा. दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. तारीख काढायला म्हणून मी फोन हातात घेतला आणि त्याआधीच निर्मलाताईंचा फोन आला.

"ताई, यंदा नका जाऊ."

बागेत झाडाखाली उभे असताना विनायकभाऊंना फिट आली होती. आयुष्यात पहिल्यांदा. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. मोठं काही निघालं नाही, पण डॉक्टरांनी गाडी बंद केली. पुढं कधी चालवता येईल, ते नंतर बघू.

"ते रफिकभाईशिवाय कोनाले सांगू देत नाहीत," निर्मलाताई म्हणाल्या. "आन आयकत बी नाहीत. काल मोकळ्या वावरात एकटेच जीप घेऊन फिरून राहिले होते. मी बांधावरून पाह्यलं. तुमी रद्द करा. तुमचंच काही कारन सांगा. मंजे त्याले वाटन, सगळ्यायचंच रद्द झालं."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. कारण शोधायला मला वेळ लागत नाही. साठ्याची तपासणी, मिलिंदची कंबर, माझी आई. पण एकही कारण पुढं रेटावंसं वाटेना. एक वर्ष रद्द केलं की दुसऱ्या वर्षी पुन्हा करावं लागणार. मग तिसऱ्या वर्षी तो तंबू माळ्यावरून खाली येणार नाही. वस्तू कशा संपतात हे मी रोज पाहते. मोडून कमीच संपतात, बऱ्याचशा नुसत्या आत राहून संपतात.

माझी आई माझ्याहून मोठी नियोजन करणारी होती. मी लहान असताना आम्ही दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचो. वस्तीतली पाच-सहा घरं मिळून. आई आदल्या रात्री भाकरी बांधायची, जवसाची चटणी, कांदे, पांघरुणं, निळ्या काठाची पांढरी साडी वेगळी. पण गाडीतून उतरलो की ती सगळ्यात आधी एकच काम करायची. गर्दीत शिरण्यापूर्वी एखादं झाड नाही तर कमान बघून ठेवायची आणि आम्हा सगळ्यांना तिथं नेऊन उभं करायची. "कोनी चुकलं तं इथं यायचं. शोधत फिरायचं नाही. इथं येऊन बसायचं, मी येते." भाकरी राहिली तर आम्ही हसून घ्यायचो. झाड दाखवायचं कधी राहिलं नाही. मी आयुष्यभर सामानाच्या याद्या करत आले आणि त्यालाच नियोजन समजत होते. आईला ठाऊक होतं की सामान हे निमित्त, माणूस चुकला तर कुठं येईल एवढंच ठरवायचं असतं.

त्या रविवारी मिलिंदला गाडीत घालून मी मोर्शीला गेले.

बाग भरली होती. फांद्या ओझ्यानं वाकल्या होत्या आणि प्रत्येक फांदीखाली बांबूचा टेकू होता. विनायकभाऊ एक टेकू सरकवून पुन्हा बसवत होते. मिलिंद त्यांच्या हाताखाली लागला. मी गोणीवर बसले.

"मले माहीत आहे तुमी काहून आल्या," भाऊ म्हणाले.

"संत्री न्यायला."

"संत्रे तं मीच आनून देतो दरवर्षी." मग जरा थांबून, "देत होतो."

एक संत्रं आपोआप तुटून पडलं, पालापाचोळ्यात.

"डॉक्टरनं सांगतलं, गाडी नाही. विहिरीवर एकटं नाही. झाडावर नाही. विस्तवापाशी एकटं नाही. आता सांगा वयनी, एवढं सगळं काढून घेतलं तं शेतकऱ्यापाशी राह्यलं काय? मोबाईल?"

मिलिंद हसला. तेही हसले, पण टेकू धरलेला हात तसाच घट्ट होता.

"परवा चालवली मी," ते म्हणाले. "तिकडच्या वावरात, कोनी नव्हतं तवा. गाडी बराबर चालली. पन मले सारखं वाटे, आता येते का, आता येते का. आपल्याच आंगाचा भरोसा नाही राह्यला. मंग उतरलो. पायी आलो घरी." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली आणि माझ्यासमोर धरली. "हे घ्या. जीप घेऊन जा. तुमच्यापैकी कोनी चालवा. मी नाही येत. पुढच्या सीटवर मांडीवर हात ठेवून बसनं मले नाही जमत."

मला त्यांची भीती वाटत होती ती वेगळी. ते हट्टानं गाडी चालवतील म्हणून मी आले होते, तयारीनं. ते असे किल्लीच देऊन मोकळे होतील, हे धरलंच नव्हतं. जीप येणार, ते येणार नाहीत. मग पुढच्या गाडीत कोण, आणि त्या बरडीवर आम्ही कशासाठी?

मी किल्ली घेतली नाही. "हल्ली संत्री मोर्शीला कोण नेतं?" मी विचारलं.

"कोन नेईन? तीच नेते." त्यांनी घराकडे हनुवटी केली. "रफिक दोन रविवार येऊन शिकवून गेला. क्लच असा सोडते जशी कुकरची शिट्टी."

"मग किल्ली त्यांना द्या. त्याच चालवतील."

"कोन? निर्मला? नाल्यात?" आल्यापासून पहिल्यांदा ते मोठ्यानं हसले. "अवो वयनी, ती गाडी चढनीवर दुसरा गिअर सोडते. हातानं धरून ठेवा लागते. तिले कसं जमन?"

"मग कोणाला जमतं?"

ते टेकूकडे बघत राहिले. मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आता बोलू नको.

"मी मांगं बसन," शेवटी ते म्हणाले. "गोवऱ्यांच्या पोत्यापाशी. गिअर सुटला तं सांगाले कोनी पाह्यजे. गाडीसाठी येतो. बाकी काही नाही."

घरात निर्मलाताई चहा गाळत होत्या. मी सांगितलं तर त्यांचा हात थांबला. "म्या रद्द कराले सांगतलं होतं ताई," त्या म्हणाल्या. रागानं नव्हे. मग हळूच म्हणाल्या, "नाल्यात माह्याच्यानं होईन का पन?"

मी तेवढंच म्हणाले, की त्या नाल्यात तुमच्याइतकं कुणी चाललेलं नाही.

आता इतक्या वर्षांनी तो दिवस आठवला की आधी कानाला आठवतो. मागच्या बाकावरून विनायकभाऊंचा आवाज, इंजिनच्या वर चढवलेला. पुढे निर्मलाताई आणि शेजारी मी. मागे मिलिंद, भाऊ, गोवऱ्यांची पोती, वांगी. रफिकभाई आणि शबानाभाभी दुसऱ्या जीपमध्ये, धूळ खाऊ नये म्हणून बरेच मागे. नवरा-बायकोमध्ये हाताचं अंतर, पण दोघंही एकमेकांशी बोलायला तयार नाहीत. सगळं माझ्यामार्फत.

"वयनी, तिले सांगा, गिअर धर म्हना."

"ताई, त्यायले सांगा, धरला."

"वयनी, तिले सांगा, तुरी कोनाच्या बापाच्या नाहीत, मधून घे."

"ताई, त्यायले सांगा, माह्या पाठीले डोळे नाहीत."

शेंगा दारावर कडकडत होत्या. ताईंचे कान लाल झाले होते. स्टेअरिंगवरच्या बोटांना संत्र्याच्या सालीचा पिवळा रंग होता, त्या दिवसांत तिकडच्या सगळ्यांच्या बोटांना असतो तसा. गाडी दोनदा बंद पडली, दोनदा चालू झाली. मागून भाऊंनी श्वास घेतला की तो मला ऐकू येई, आणि ताईंनाही, कारण त्या पाठ आणखी ताठ करायच्या.

नाला आला. ताईंनी जीप काठाशी आणली आणि इंजिन बंद केलं.

माझ्या नियोजनात पुढं चालायचं काम मिलिंदचं होतं. त्याला तसं बजावून ठेवलं होतं. तो उठला.

"भाऊजी, तुमी बसा," निर्मलाताई म्हणाल्या. "तुमाले नाला माहीत नाही."

मिलिंद बसला. नंतर कुणी हललं नाही. पाण्याचा बारीक आवाज येत होता. मागं रफिकभाईंची जीप येऊन थांबली, त्यांनी एकदा हॉर्न वाजवला.

"वयनी," मागून आवाज आला, आता बराच खाली, "तिले सांगा, डाव्या आंगानं घे म्हना."

"ताई, त्यायले सांगा, इथून काही दिसत नाही."

माझ्याकडे दोन्ही बाजूंचे निरोप जमा झाले होते आणि मी एकही पोचवत नव्हते. ताई समोर बघत होत्या. मग त्या वाकल्या, पायाशी ठेवलेली तुरीची काठी उचलली आणि मागं न बघता खिडकीतून बाहेर काढून धरली. नुसती धरली. हात लांब करून.

बराच वेळ ती काठी तशी हवेत होती. मग मागची फळी पडल्याचा आवाज आला, चपला मुरमावर वाजल्या आणि काठी हातातून गेली.

मी मिलिंदला डोळ्यांनी खुणावलं. तो उतरला आणि बूट धुवायला निघाल्यासारखा भाऊंच्या बाजूनं, थोडं अंतर ठेवून चालू लागला. विहिरीवर एकटं नाही, म्हणजे नाल्यातही एकटं नाही.

विनायकभाऊ नाल्यात उतरले. धोतर नाही, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पोटऱ्या पांढऱ्या, उन्हाशी ओळख नसलेल्या. एक गोटा काठीनं ढकलून पाहिला, दुसरा पाहिला. मग वळून जीपकडे तोंड केलं आणि तिथं त्यांचं अडलं. हाताचं काय करायचं ते त्यांना सुचेना. त्या हातांनी नाल्यात नेहमी स्टेअरिंग धरलं होतं. एक हात वर गेला, खाली आला.

आणि मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा ओढला, त्याचं टोक डाव्या हातात धरलं आणि झटकलं.

ताईंनी गाडी डावीकडे घेतली.

तळवा खाली दाबला. सावकाश. मग दुपट्ट्याचं टोक दोनदा स्वतःकडे, मान जराशी वाकडी. ये. हुबेहूब. एवढ्या वर्षांत दुसरं काही त्यांनी इतकं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं बहुतेक, आणि पाहतो आहोत हे त्यांनाही माहीत नसावं. उंच, रुंद खांद्यांचा, मिशीचा माणूस, आणि अंगात सगळ्या खुणा बायकोच्या. मला हसू यायला हवं होतं. मी दाराची कडी धरून बसले होते.

काळ्या गोट्यापाशी ते थांबले. तळवा उभा. काठी पाण्यात घातली आणि ती जातच राहिली, जवळजवळ मुठीपर्यंत. त्यांनी ती काढली, थोडं सरकून पुन्हा घातली. पुन्हा तेवढीच. ते वाकून पाण्यात बघू लागले. गाडी थांबलेली. इंजिन घरघरतंय. वेळ जातोय.

निर्मलाताईंनी हॉर्न वाजवला. एक लांब हॉर्न, कोंबडी हुसकावल्यासारखा.

विनायकभाऊ दचकून सरळ झाले. गाडीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, पुन्हा गाडीकडे पाहिलं.

"अवं, इथं तं खड्डा आहे!" ते ओरडले.

ताईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आज दिसला?"

मागच्या जीपमधून रफिकभाईंचं हसणं आलं, मग शबानाभाभींचं. मिलिंद पाण्यात उभा राहून हसत होता. भाऊ नाल्याच्या मधोमध काठी टेकून उभे होते आणि त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. ते लगेच हसले नाहीत. आधी त्या खड्ड्याकडे बघत राहिले, किती वर्षं हा इथं आहे असं मनाशी मोजत असल्यासारखे. मग दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि हसू लागले, खांदे हलेपर्यंत. आणि गाडी उजवीकडून काढायला खूण केली.

चढणीवर दुसरा गिअर सुटला. ताईंनी डाव्या हातानं तो धरून ठेवला. सांगायला मागं कुणी नव्हतं, भाऊ पायीच चढत होते.

त्या संध्याकाळी बरडीवर थंडी लवकर उतरली. डोंगर आधी निळे, मग जांभळे झाले आणि मग दिसेनासे. गोवऱ्यांचा निखारा फुलला, आम्ही रोडगे आत पुरले आणि वरून राख ओढली. विनायकभाऊंना विस्तवापाशी एकटं बसू द्यायचं नव्हतं, म्हणून आळीपाळीनं कुणीतरी तिथं असायचं. ते त्यांच्या लक्षात आलं. "अरे बसा ना सगळे एकदम," ते म्हणाले, "पहारा काय देऊन राहिले?" मग आम्ही सगळेच गोल बसलो. निर्मलाताई वांगी चिरायला बसल्या. भाऊंनी विळा त्यांच्याकडून घेतला आणि स्वतः चिरू लागले. तीन घरची वांगी, डोंगराएवढी. रोडगे निघाले, फडक्यानं राख झटकली, फोडले तर आतून वाफ आणि पदर सुटलेले. वरण, वरून तूप. रफिकभाई म्हणाले, बाळापूरचं वांगं कोणतं ते चवीवरून सांगतो, आणि तिन्ही वेळा चुकले.

जेवण झाल्यावर भाऊ माझ्याशी म्हणाले, पण ऐकवायचं दुसऱ्या कुणाला होतं, "वयनी, सीटवर बसलं का तो गोटाच दिसते. खड्डा गोट्याच्या मांगं राह्यते. मी उगीच एवढे वर्ष हॉर्न वाजवला."

निर्मलाताई परात घासत होत्या, राखेनं. "वाजवा ना," त्या म्हणाल्या. "म्या कुठी आयकला कधी?"

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे. गोळ्या अजून चालू आहेत. फिट पुन्हा आली नाही आणि बराच काळ गेल्यावर डॉक्टरांनी गाडीला परवानगी दिली. भाऊ आता डांबरी रस्त्यावर चालवतात, पांदणीतही चालवतात. नाल्याच्या काठाला आले की स्वतःच इंजिन बंद करून उतरतात आणि काठी मागतात. ताई सरकून स्टेअरिंगवर येतात. यावर कधी चर्चा झाली नाही. कोण कुठं बसणार हे मी पूर्वी ठरवायचे, ते मी पुढच्या गाडीपुरतं सोडून दिलं. तिथं माझ्याआधी ठरलेलं असतं.

मला त्या हिवाळ्यात दोन माणसांनी जागा बदलली एवढंच दिसलं असं नाही. आईचं ते झाडही आठवलं. कुणी चुकलं तर शोधत फिरायचं नाही, ठरलेल्या जागी येऊन बसायचं. विनायकभाऊ चुकले होते, बागेत, टेकू धरून. आम्हाला वाटलं त्यांना आणलं पाहिजे. खरं तर जागा ठरलेली होती, दरवर्षीची, गोट्यांच्या मधली, आणि ताई काठी धरून तिथं थांबल्या, एवढंच.

तर यंदाच्या त्या सकाळी भाऊंचा चहा संपला. तंबू खाली काढून झाला तेव्हा दिसलं की त्याची चेन तुटली आहे. बाजारात एक जण चेन बसवून देतो, दुपारनंतर तो भेटत नाही. मी तंबू गाडीत टाकला. गल्ली नळासाठी खोदलेली आहे, वळायला जागा नाही, गाडी पाठीमागेच काढावी लागते.

"थांबा वयनी," विनायकभाऊ म्हणाले, "मी पाहतो." आणि ते माझ्या गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले.

मी आरशात बघत गाडी मागं घेऊ लागले. दुपट्ट्याचं टोक डावीकडे झटकलं, मी डावीकडे घेतलं. तळवा खाली, मी सावकाश केलं. मग तळवा उभा राहिला. थांब. आरशात तर मागं मोकळी गल्ली दिसत होती, नुसती माती आणि ऊन. ते खाली वाकून काहीतरी बघत होते, आणि बराच वेळ बघत होते. बाजारातला तो माणूस जाईल, माझ्या मनात आलं. हात हॉर्नपर्यंत गेला.

मी वाजवला नाही. मी बसून राहिले. इंजिन चालू, ऊन मांडीवर, मागच्या सीटवरून धुराचा वास.

मग दुपट्ट्याचं टोक हललं. दोनदा, मान जराशी वाकडी.

ये.